बोटांनी निवडलेली भिंत: ड्रायवॉलच्या चार टेक्स्चरचा तीन वर्षांचा अनुभव

सासूबाईंना अंधार पडला की कमी दिसतं. रात्री उठल्या की त्या डाव्या हाताची बोटं पॅसेजच्या भिंतीला टेकवत बाथरूमपर्यंत जातात. घराचं काम पूर्ण होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा एका सकाळी त्यांच्या बोटांच्या पेरांवर बारीक ओरखडे दिसले. मी पॅसेजमध्ये जाऊन त्याच उंचीवर हात फिरवला, तर भिंत किसणीसारखी लागत होती. टेक्स्चर निवडताना मी कॅटलॉग पाहिला होता, रंग पाहिला होता, पण भिंतीला हात लावून पाहिलाच नव्हता.

आमच्या भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे चौकटीवर बसवलेल्या जिप्समच्या बोर्डांच्या. पॅसेजमध्ये तेव्हा नॉकडाउन नावाचं टेक्स्चर होतं. यात पातळ केलेलं कंपाउंड (बोर्डांचे सांधे भरायचा लगदा) हॉपर गनने, म्हणजे वर भांडं असलेल्या हवेच्या फवारणी बंदुकीने, भिंतीवर शिंतोड्यांसारखं उडवतात, ते जरा आळू देतात आणि मग रुंद पात्याने हलकेच दाबून त्याची टोकं चपटी करतात. आळायला साधारण 10 ते 15 मिनिटं लागतात, पण हा हिशोब कोरड्या हवेचा. आमच्याकडे काम चाललं ते पावसाच्या दिवसांत, आणि हवेतली आर्द्रता दाखवणाऱ्या हायग्रोमीटरचा काटा 80 टक्क्यांच्या आसपास. कारागिराने घड्याळ लावून दहाव्या मिनिटाला पातं फिरवलं. कंपाउंड अजून ओलं होतं, त्यामुळे ते दबण्याऐवजी पात्याबरोबर ओढलं गेलं आणि प्रत्येक ठिपक्याला एक उभी धार राहिली. वाळल्यावर तीच धार टोचायला लागली. घड्याळाकडे न बघता ठिपक्यावरची ओली चमक जाण्याची वाट बघायला हवी होती. माझी तक्रार नॉकडाउनबद्दल नाही, त्या घाईबद्दल आहे. आमच्याच बैठकीच्या खोलीत हेच टेक्स्चर ऊन पडलेल्या दिवशी नीट वेळ देऊन केलं, ते आजही उत्तम आहे.

पॅसेज पुन्हा करायचा ठरल्यावर मी उरलेल्या बोर्डाचे दोन-दोन फुटांचे चार तुकडे कापून घेतले. एकावर ऑरेंज पील, दुसऱ्यावर नॉकडाउन, तिसऱ्यावर हाताने थापीचे फटकारे मारलेलं स्किप ट्रॉवेल, चौथा अगदी गुळगुळीत. चारही तुकड्यांवर भिंतीला लावायचा तोच प्रायमर आणि तोच रंग दिला आणि ते पॅसेजमध्ये उभे करून ठेवले. रात्री टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाकला. मुलाला मेणाचे खडू देऊन मनसोक्त रेघोट्या मारायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने पुसलं. सगळ्यात शेवटी सासूबाईंना डोळे मिटून एकेका तुकड्यावरून हात फिरवायला सांगितलं. हे दोन दिवस मी आधी काढले असते तर एक भिंत दोनदा करावी लागली नसती.

सासूबाईंनी ऑरेंज पील निवडलं. संत्र्याच्या सालीवर असतात तशा बारीक, गोल उंचवट्यांची ही भिंत. बोटांना ती लागते, पण टोचत नाही. अंधारात हात कुठे आहे ते कळावं इतपत खरखर हवीच, नुसत्या गुळगुळीत भिंतीवर हात घसरतो, असं त्या म्हणाल्या. हे माझ्या मनात कधीच आलं नसतं. खडूच्या रेघाही ऑरेंज पीलवरून जवळजवळ पूर्ण गेल्या. नॉकडाउनच्या खाचांमध्ये मेण अडकलं, आणि स्किप ट्रॉवेलच्या कडांवर फडक्याचेच धागे लागले. पुसणं जमलं त्यात रंगाचाही वाटा आहे. पॅसेजला मी किंचित तुकतुकीचा सॅटिन रंग दिला. मॅट रंग घासला की घासलेल्या जागी चकाकतो आणि तो डाग मग जन्मभर दिसतो.

गुळगुळीत भिंतीचं मला फार आकर्षण होतं, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. ड्रायवॉलच्या फिनिशला 0 ते 5 अशा पायऱ्या आहेत. जाड टेक्स्चर यायचं असेल तर तिसऱ्या पायरीपर्यंतचं काम चालतं, हलक्या टेक्स्चरला किंवा मॅट रंगाला चौथी पायरी लागते. पाचव्या पायरीत सांधे आणि स्क्रू तर झाकतातच, शिवाय अख्ख्या बोर्डावर कंपाउंडचा पातळ हात देतात. खिडकीतून आडवा उजेड पडणारी भिंत गुळगुळीत ठेवायची तर ही पाचवी पायरीच हवी, नाहीतर दुपारी एकेक सांधा फुगलेला दिसतो. आमच्या झोपायच्या खोलीत चौथ्या पायरीवर थांबलो. साडेचार वाजता ऊन तिरपं आलं की पलंगामागचा उभा सांधा मला आजही दिसतो. शिवाय ऋतूप्रमाणे आतली लाकडी चौकट फुगते आणि आकसते. आमच्या त्या भिंतीवर दुसऱ्या वर्षी केसासारखी बारीक भेग आली. ज्यांच्याकडे वर्षातले काही महिने हवा अगदी कोरडी आणि काही महिने दमट, त्यांनी मोठ्या भिंतींना हलकं टेक्स्चर द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. ते भेग थांबवत नाही, पण डोळा तिथे अडकत नाही.

बाथरूमसाठी मात्र उलटं सांगेन. तिथे टेक्स्चर नकोच. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना कागद असतो आणि ओल मिळाली की बुरशीला तो कागद पुरतो. भिजलेला बोर्ड एक-दोन दिवसांत वाळला नाही तर बुरशी धरायला लागते. खडबडीत भिंतीवर वाफेचं पाणी खाचांमध्ये बसून राहतं, आणि काळे ठिपके आले तरी ते सावलीसारखे वाटून लवकर लक्षात येत नाहीत. आम्ही ओल सोसणारा बोर्ड, गुळगुळीत फिनिश आणि जास्त तुकतुकीचा सेमीग्लॉस रंग घेतला. आंघोळीनंतर वीस मिनिटं पंखा चालू ठेवतो. तीन वर्षांत एकही ठिपका नाही.

दमट हवेत काम करायचंच असेल तर सांध्यांना पाण्यात कालवून लावायचं, आपोआप घट्ट होणारं कंपाउंड मागा. डब्यातलं तयार कंपाउंड पाणी उडून गेल्यावरच वाळतं, आणि हवाच ओली असेल तर ते पाणी जायला जागा नसते. वरून कोरडं वाटणाऱ्या थरावर पुढचा थर चढवला की नंतर भेगा पडतात. टेक्स्चरआधी आणि टेक्स्चरनंतर, दोन्ही वेळा प्रायमर द्या. आधीचा चुकवला तर कागद आणि कंपाउंड वेगवेगळ्या वेगाने पाणी ओढतात आणि सांध्यांचे पट्टे टेक्स्चरमधूनही उमटतात.

छताच्या पॉपकॉर्न, म्हणजे लाह्यांसारख्या फुगीर टेक्स्चरबद्दल दोनच वाक्यं. धूळ आणि जाळी झाडता येत नाहीत म्हणून मी ते टाळलं. कुणाच्या जुन्या घरात असेल तर ते खरवडण्याआधी नमुना तपासून घ्या, कारण पूर्वी त्यात फुफ्फुसांना घातक असं अ‍ॅस्बेस्टॉस घालत असत.

आता ऑरेंज पीलची कमी बाजू. दुरुस्ती. गेल्या वर्षी मुलाच्या बॅटचं टोक लागून पॅसेजमध्ये सुपारीएवढा खड्डा पडला. तो भरून स्प्रे कॅनने टेक्स्चर मारलं. आधी पुठ्ठ्यावर सराव केला, ठिपका मोठा येत होता म्हणून नोझल फिरवून बारीक केलं, मग कडेच्या जुन्या टेक्स्चरवर ओला स्पंज फिरवून नवं-जुनं मिसळून घेतलं. ठेवलेला नमुन्याचा तुकडा शेजारी धरून ताडून पाहिलं. रंग दिल्यावर दोन पावलांवरून मला जागा सापडेना.

त्या रात्री सासूबाई नेहमीसारख्या निघाल्या आणि मध्येच थांबल्या. बोटं तिथेच ठेवून त्यांनी विचारलं, “अगं, इथे काही केलंस का?”