इंडेक्स टू चा सात नंबरचा रकाना बघा, मगच डिपॉझिट द्या

परवा आमच्या जळगावच्या डाळ मिलमधल्या एका पोराने मोबाईल पुढे केला, म्हणे दादा हे घर बघायला जाऊ का, पिंप्राळ्यात आहे, भाडं पण कमी आहे. बघतो तर हॉल माझाच. मी आत्ता राहतो तोच हॉल, खिडकीत आमचा कुलर, खुंटीला पोरीची शाळेची बॅग. म्हणून हे सगळं लिहायला बसलोय, नाहीतर स्वतःचं हसं कोणाला सांगायचं असतं का.

आम्ही दोंडाईचाचे. मिलमध्ये अकाउंटचं काम लागलं म्हणून २०२५ च्या जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आत, जळगावला घर शोधत होतो. उन्हातान्हात पाच-सहा घरं बघितली. हे घर आवडलं, खाली बोअर, वर गच्ची, शाळा जवळ. दाखवणारा माणूस एकदम गोड बोलणारा. त्याला मालकच म्हणूया, कारण आम्ही तीन महिने त्याला मालकच समजत होतो. म्हणाला आजूबाजूला ७५०० चालू आहे, तुम्ही फॅमिलीवाले म्हणून ५५०० घेतो, फक्त डिपॉझिट जरा जास्त द्या, ६० हजार. जाताना एक पैसा कापणार नाही.

माझ्या आईने फोनवर एकच विचारलं, "ते घर त्याना नाववर शे का?" मी हो म्हणालो, कारण मी कागद बघितला होता. म्हणजे बघितला होता, वाचला नव्हता.

झालं असं की मी कागद मागितले तर त्याने प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक प्रिंट काढली, वर 'सूची क्र. २' लिहिलेलं (यालाच इंडेक्स टू म्हणतात, रजिस्टर झालेल्या दस्ताचा थोडक्यात उतारा), रजिस्ट्रार ऑफिसचं नाव, त्यात घराचा नंबर बरोबर, त्याचं नाव पण बरोबर, आणि विलेखाचा प्रकार लिव्ह अँड लायसन्स. तो म्हणाला हे बघा घराचं लायसन्स, भाड्याने द्यायचं सगळं रीतसर आहे. मला वाटलं, असेल बुवा, हॉटेलला असतं तसं घर भाड्याने द्यायचं पण मनपाचं लायसन्स असेल. आता हसू येतं. लिव्ह अँड लायसन्स मधलं लायसन्स म्हणजे मालकाने दुसऱ्याला ठराविक दिवस राहायची दिलेली परवानगी, बाकी काही नाही. आणि त्या कागदावर दोन रकाने असतात, सात नंबरला दस्त करून देणाऱ्याचं नाव, भाडेकरारात म्हणजे मालकाचं, आठ नंबरला करून घेणाऱ्याचं. ह्याचं नाव आठ नंबरला होतं. म्हणजे तो स्वतःच भाडेकरू! स्वतःच्याच भाडेकराराचा कागद दाखवून त्याने मला घर भाड्याने दिलं आणि मी अकाउंटवाला माणूस, दिवसभर रकानेच बघतो.

आमचा करार त्याने ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून दिला. मी म्हटलं रजिस्टर करूया, तर म्हणे कशाला खर्च, इथे सगळे नोटरीच करतात. खर्च किती हे नंतर कळलं. अकरा महिन्यांचं सगळं भाडं आणि डिपॉझिटवर धरलेलं १० टक्के व्याज मिळून जी रक्कम होते तिच्यावर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी, आमच्या हिशोबाने दोनशेच्या आतबाहेर, शहरात नोंदणी फी १००० आणि ऑनलाईन केलं तर ३०० वरचे. दीड हजारासाठी ६० हजार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच पाहिजे, जबाबदारी घरमालकाची, नाही केला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा माणूस टाळत होता ते खर्चासाठी नव्हतंच, तिथे आधार लागतो, अंगठा लागतो, फोटो लागतो, मालक म्हणून स्वतःला नोंदवावं लागतं. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यायची असते ती पण "मी देतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका" म्हणून त्याने दिलीच नाही. तेव्हा आम्हाला तो किती मदत करणारा माणूस वाटला होता.

पैसे ४० हजार बायकोच्या खात्यातून युपीआयने गेले, २० हजार कॅश. कॅशची पावती नाही. पुढे याच वाटणीवर सगळं अडलं.

जुलैत पाऊस लागला आणि बाथरूमचा स्लॅब गळायला लागला. आधी थेंब थेंब, मग खाली बादली ठेवायला लागली, मग एक दिवस प्लास्टरचा ताटाएवढा तुकडा बादलीत पडला, पोरगी पाच मिनिटं आधीच अंघोळ करून बाहेर आली होती. फोन केला की "उद्या मिस्तरी पाठवतो". असे किती उद्या झाले. एकदा आला, स्लॅबचे फोटो काढले, मग हॉलचे, किचनचे पण काढले, मिस्तरीला अंदाज द्यायला लागतो म्हणे. (ते फोटो कशासाठी होते ते परवा कळलं.) शेवटी ऑगस्टचं भाडं मी थांबवलं तर पठ्ठ्याने बोअरच्या मोटरचा फ्यूजच काढून नेला. दोन दिवस शेजारच्या काकूंकडून हंडे आणले. मिलमधल्या एकाने सांगितलं की भाडेकरूचं पाणी, लाईट असं बंद करता येत नाही, त्याच कायद्याचं कलम २९ आहे, तसं त्याला मेसेजवर लिहून पाठव. पाठवलं. अर्ध्या तासात फ्यूज परत. एवढ्या लवकर घाबरला तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं.

लाईट बिलावर वेगळंच नाव होतं, तो म्हणायचा सासऱ्यांचं आहे. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या अहो तो कसला मालक, मालक तर सुरतला असतात. आणि सप्टेंबरात सुरत-भुसावळ गाडीने ते मालक काका स्वतःच आले, कारण त्यांचंही तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. दारात उभे राहून आमच्याकडे बघत विचारतात, "तुम्ही कोन शेतस?" मी म्हटलं भाडेकरू. ते म्हणाले माझा भाडेकरू तर दुसरा आहे. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, शेवटी बायकोने पाणी आणून दिलं. तो माणूस त्यांना ७००० देत होता आणि आमच्याकडून ५५०० घेत होता, म्हणजे धंदा भाड्यात नव्हताच, डिपॉझिटमध्ये होता.

पोलीस स्टेशनला पहिलं उत्तर, हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा. तुम्हालाही हेच ऐकायला मिळेल, घरी परत येऊ नका. आम्ही जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात गेलो. तिथे महिलांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, आणि पैसे बायकोच्या खात्यातून गेलेले म्हणून तक्रार तिच्या नावाने केली. वकील मॅडमनी सरळ सांगितलं, मालक नसताना मालक म्हणून पैसे घेतले तर ती फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नाही घेतला तर एसपी साहेबांना पोस्टाने पाठवा, तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे. एसपी ऑफिसला रजिस्टर पोस्ट केल्यावर आठ दिवसांनी आम्हाला बोलावणं आलं. त्यालाही बोलावलं. तिथे त्याने २५ हजार दिले, १५ देतो म्हणाला, आणि कॅशचे २० हजार घेतलेच नाहीत म्हणाला. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला. पुढचे १५ अजून आलेले नाहीत.

एक गोष्ट मॅडमनी सांगितली ती महत्त्वाची, करार रजिस्टर झाला म्हणजे मालकी तपासली गेली असं नाही, रजिस्ट्रार ते बघत बसत नाही. त्यामुळे चालू वर्षाची घरपट्टीची पावती आणि लाईट बिल मागायचं, खेडेगावात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, आणि त्यावरचं नाव समोरच्याच्या आधारशी ताडायचं. वडिलांचं, सासऱ्यांचं आहे म्हणाला तर त्या सासऱ्याशी व्हिडिओ कॉल लावायला सांगायचा, लाजायचं नाही.

काकांनी आम्हाला काढलं नाही. आता ७००० भाडं, १५ हजार डिपॉझिट, करार रजिस्टर. अंगठ्याच्या वेळी काकांचा अंगठा मशीन घेईना, तीस वर्षं लूमवर काढलेली माणसं, रेषाच राहिल्या नाहीत बोटांना, ओल्या रुमालाने पुसून पुसून चौथ्यांदा लागला. स्लॅबचं वॉटरप्रूफिंग दिवाळीआधी झालं, निम्मे पैसे काकांनी दिले आणि निम्मे भाड्यात वळते केले, तेही करारात लिहून.

मिलमधल्या पोराकडून त्या फोटोंचा आणि नंबरचा स्क्रीनशॉट घेतलाय. नंबर नवीन आहे. प्रिंट काढून ठेवली, सोमवारी अर्धा दिवस सुट्टी टाकून मॅडमकडे जातोय.