१६ जीबी रॅम आणि क्यूएलसी एसएसडी: काही महिने वापरल्यावर

लॅपटॉपमध्ये ८ जीबी डीडीआर४ रॅम होती. तेवढीच आणखी एक स्टिक बसवली आणि हार्ड डिस्कच्या जागी १ टीबीची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी) क्यूएलसी एसएसडी घातली, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह. नवं काही घातलं की सुरुवातीला सगळंच सुसाट वाटतं, म्हणून लिहायची घाई केली नाही.

रॅम वाढवल्याने लॅपटॉप वेगवान झाला असं मी म्हणणार नाही; तो अडखळायचा थांबला. ढीगभर टॅब आणि सोबत व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) उघडलं की आधी रॅम भरायची आणि डिस्कवर स्वॅपिंग, म्हणजे रॅममध्ये न मावणारा डेटा तिथे ठेवणं-आणणं, सुरू व्हायचं. रॅमला डेटा द्यायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या डिस्कला १० मिलिसेकंद. म्हणजे लाखपट! ज्यांची ८ जीबीच भरत नाही, त्यांनी वाढवून काही उपयोग नाही. दोन स्टिकमुळे ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिकशी एकाच वेळी देवाणघेवाण) मिळालं, पण फरक जाणवला तो फक्त गेममध्ये, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं.

स्लीपमध्ये बॅटरी उतरते ती उतरतेच. डीरॅमचा, म्हणजे लॅपटॉपमधल्या या रॅमचा, प्रत्येक बिट एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये असतो, तो गळतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी रिफ्रेश करावाच लागतो. रात्री मी आता हायबरनेट करतो, म्हणजे रॅममधलं सगळं ड्राइव्हवर उतरवून लॅपटॉप बंद. एसएसडीमुळे त्यातून जागं व्हायला फार वेळ लागत नाही.

खरी मेख एसएसडीत आहे. क्यूएलसीच्या एका सेलमध्ये ४ बिट, म्हणजे विद्युतभाराच्या १६ पातळ्या. त्या अचूक साधत लिहायचं तर वेळ जाणारच. म्हणून ड्राइव्ह रिकाम्या सेलमध्ये आधी एकेकच बिट भराभर लिहून घेतो आणि निवांत असताना नीट रचतो. रोजच्या कामात हे कळतही नाही. पण व्हिडिओंचं मोठं फोल्डर कॉपी करताना सेकंदाला ५०० एमबीवरून वेग थेट शंभराच्या खाली आला, जुन्या हार्ड डिस्कइतका! ड्राइव्ह जितका भरलेला, तितकी ही घसरण लवकर, कारण उसनी जागाच उरत नाही. मी पाव भाग मोकळा ठेवतो. लिहून लिहून सेल झिजण्याची धास्ती मात्र उगाच होती. ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीच्या ज्या स्मार्ट नोंदी ठेवतो, त्यांत झिजेचा आकडा जेमतेम हललाय.

व्हिडिओ एडिटिंग रोजचं असेल तर थोडे जास्त पैसे घालून टीएलसीच (सेलमागे ३ बिटवाली) घ्या. काढलेली हार्ड डिस्क मी केसमध्ये घालून बॅकअपला ठेवली आहे. वर्षानुवर्षं वीज न मिळता कपाटात पडून राहायचं असेल तर फ्लॅशवर माझा भरवसा नाही, त्यातलाही भार हळूहळू गळतो.