ट्रेडेगरची बेव्हन सहल: आप्पांबरोबर एक दिवस (पाचपैकी चार तारे)

आप्पा पहिल्यांदा माझं हॉस्पिटल बघायला आले, तेव्हा तळमजल्यावर दोन चकरा मारून म्हणाले, "बिल भरायची खिडकी कुठंय गं?" अशी खिडकीच नाही, हे त्यांना काही केल्या पटेना. सोलापूरच्या गिरणीत ३१ वर्षं काढलेला माणूस. म्हटलं, किल्ले-राजवाडे राहू देत, ज्याच्यामुळे ही खिडकी नाही त्याचं गाव दाखवते. अनायरिन बेव्हन, ब्रिटनची फुकट सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, सुरू करणारे मंत्री. इथली जुनी माणसं अजून आपुलकीनं 'नाय' म्हणतात.

वेल्समधल्या कार्डिफहून एक छोटी कंपनी मिनीबसनं ट्रेडेगरला, म्हणजे बेव्हनच्या गावाला नेते. माणशी ४२ पौंड, सकाळी ९ ला निघून संध्याकाळी ५ पर्यंत परत. आम्ही अकरा जण होतो. जेवण आपलं आपण बघायचं. गावातल्या पबमध्ये आप्पांसारख्या माळकऱ्याला खाण्यासारखं चिप्सशिवाय काही नव्हतं, पण मी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घेतली होती. बेडवेल्टी पार्कात बाकावर बसून खाल्ली. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी काढलेला सुमारे १५ टनांचा अखंड दगडी कोळसा तिथंच ठेवलाय. लंडनला तो कधी पोचलाच नाही.

गाईड सत्तरीचे, घरात दोन पिढ्या खाणकामगार. बसमधला माइक खरखरत होता आणि वेल्श उच्चार मलाच अर्धे कळत होते, तर आप्पांची काय कथा. हे गाईडच्या लक्षात आलं. गावात उतरल्यावर ते मुद्दाम आप्पांच्या शेजारून चालायला लागले, दोन वाक्यं बोलून थांबायचे, मी मराठीत सांगेपर्यंत पुढं बोलायचे नाहीत. एक तारा तर मी याचाच देते.

गावाच्या मधोमध 'सर्कल' नावाचा चौक आहे, त्यात बिडाचं उंच घड्याळ. चौकातल्या १० नंबरच्या इमारतीत कामगारांच्या मेडिकल एड सोसायटीचा दवाखाना होता. गाईडनी खिशातून बारा कोनांचं पितळी तीन पेन्सचं नाणं काढून आप्पांच्या तळहातावर ठेवलं. पगाराच्या पौंडामागे तीन पेन्स कापून घ्यायचे, आणि त्यात कामगाराच्या अख्ख्या घराला डॉक्टर, औषध, नर्स. जुन्या पौंडात २४० पेन्स, हे मी सांगितल्यावर आप्पांनी नाणं उलटसुलट करत मनातल्या मनात हिशेब मांडला. "म्हणजे रुपयामागे सव्वा पैसा. आमच्या विम्याच्या दवाखान्यासारखं की!" मी भाषांतर केलं, तर गाईडनी आप्पांचा हात धरून हलवला.

सहलीचं खरं मोल मला इथं कळलं. एनएचएस कुठल्या कमिटीच्या कागदावर जन्माला आली असं मी समजून चालले होते. बेव्हननी ती आपल्या गावात चालताना बघितली होती, आणि मंत्री झाल्यावर ट्रेडेगरला जे मिळालं तेच सगळ्या देशाला देतोय असं ते म्हणायचे.

त्यांचं आयुष्य गाईड चालता चालता सांगतात. १८९७ चा जन्म, तेराव्या वर्षी खाणीत. बोलताना अडखळायचे. ते अडखळणं मोडायला डोंगरावर जाऊन मोठमोठ्यानं बोलायचे. वडीलही खाणकामगार, १९२५ मध्ये छातीत खाणीची धूळ बसून गेले. छातीच्या वॉर्डात मी रोज ड्युटी करते, ते शेवटचे दिवस कसे असतात हे मला कुणी सांगायला नको. १९२९ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९६० पर्यंत, बेव्हन एबू व्हेलचे खासदार. १९४५ मध्ये पंतप्रधान ॲटलींनी आरोग्यमंत्री केलं. फेब्रुवारी १९४८ च्या मतदानात दहातले नऊ डॉक्टर विरोधात गेले, तरी ५ जुलैला सेवा सुरू झाली. मोठ्या डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिस ठेवू दिली, त्यांची तोंडं सोन्यानं भरली असं स्वतः बेव्हनच म्हणाल्याचं सांगतात. ती तडजोड मला खटकते, पण तिच्याशिवाय तो जुलै उजाडला नसता असंही वाटतं. मँचेस्टरजवळच्या पार्क हॉस्पिटलात १३ वर्षांच्या पहिल्या पेशंटच्या कॉटशेजारी ते उभे आहेत, तो फोटो गाईडनी फायलीतून काढून दाखवला.

शेवटी गावाबाहेरच्या माळावर बेव्हन स्मारकाचे दगड. एक मोठा, तो त्यांचा. तीन लहान, ते ट्रेडेगर, एबू व्हेल आणि रमनी या गावांचे. उघड्या माळावर इथं ते लोकांशी बोलायचे. वारा एवढा की आप्पांची टोपी मी हातात धरून ठेवली. त्यांनी मोठ्या दगडावर तळवा टेकवला, तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. जेमतेम वीस मिनिटं! येताना वाटेतल्या दुकानात चाळीस मिनिटं घालवली, तीच इथं द्यायला हवी होती.

पाचवा तारा मात्र मी दुसऱ्याच गोष्टीसाठी कापला. १९५१ चा राजीनामा सहलीत एका वाक्यात उरकला. माझ्या मते हा माणूस कळतो तो तिथंच. कोरियाच्या युद्धामुळे शस्त्रांचा खर्च वाढला, म्हणून अर्थमंत्री गेट्सकेल यांनी चष्मा आणि कवळीचा निम्मा खर्च पेशंटवर टाकला. सरकारचे त्यातून वाचणार होते पहिल्या वर्षी सव्वा कोटी पौंडांच्या आसपास. सेवा फुकट म्हणजे फुकट, म्हणून बेव्हन एप्रिलमध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले. व्यापारमंत्री हॅरोल्ड विल्सनही त्यांच्यासोबत गेले.

परतीच्या बसमध्ये हे मीच आप्पांना सांगितलं.

"चष्म्यासाठी आणि कवळीसाठी मंत्रिपद सोडलं?"

"हो."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला, आणि मला सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं.