एकट्याने ग्रीस, हातात दोन दिवस: डेल्फी की नाफ्प्लिओ?

सहा दिवसांची रजा, अथेन्सचं तिकीट, सोबत कोणी नाही आणि परदेशात गाडी चालवायची इच्छा नाही. अथेन्सला चार दिवस दिले की दोन उरतात, आणि खरा प्रश्न त्या दोन दिवसांचा असतो. ऑलिंपिया बसने फार लांब पडतं, क्रीटसाठी पुन्हा विमान आलं. म्हणजे राहतात दोनच पर्याय. एक, डोंगरातल्या डेल्फीला, अपोलोच्या प्राचीन देवस्थानापाशी, मुक्काम. दोन, समुद्रकाठच्या नाफ्प्लिओत राहून मायसिनीचा प्राचीन किल्ला आणि एपिडॉरसचं नाट्यगृह बघणं. मी दोन्ही केलं आहे, दोन वेगवेगळ्या एप्रिलमध्ये, दोन्ही वेळा एकट्याने आणि बसने. आधी नाफ्प्लिओ, नंतर डेल्फी.

नाफ्प्लिओची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. स्वतंत्र ग्रीसची राजधानी अथेन्सला हलली 1834 मध्ये. त्याआधी ती इथे होती. पहिले राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास यांना 1831 मध्ये इथल्याच एका लहानशा चर्चच्या दाराशी गोळ्या घातल्या गेल्या, आणि ते दार आजही गल्लीतून चालताना सहज लागतं. वर पालामिदीचा व्हेनिशियन किल्ला आहे, त्याच्या पायऱ्या 999 असं गावकरी सांगतात. गडावर जायची सवय असलेल्या माणसाला ती चढण फारशी जाणवत नाही. संध्याकाळी सगळं गाव धक्क्यावर फिरायला उतरतं. एकट्या माणसाला संध्याकाळ जड जाते, हे एकट्याने फिरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नाफ्प्लिओत ती जड गेली नाही.

एपिडॉरसचं नाट्यगृह हे तर प्रवासाचं कारण म्हणून एकटंच पुरेसं आहे. इसवीसनपूर्व चौथ्या शतकातलं, 55 ओळींचं. मी सगळ्यात वरच्या ओळीत जाऊन बसलो होतो. खाली शाळेची सहल आली (एप्रिलमध्ये ग्रीक शाळांच्या सहली सगळीकडे भेटतात), बाईंनी एका मुलीला मधोमध उभं केलं आणि तिने काहीतरी म्हणायला सुरुवात केली. भाषा कळत नव्हती, पण मध्येच ती अडखळली आणि तिने श्वास घेतला, तो श्वास मला वर ऐकू आला. ध्वनिशास्त्रावर लोक काय काय लिहितात. माझ्यापुरता तो एक श्वास पुरे आहे. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. एपिडॉरस नावाची गावंही आहेत, एक जुनं समुद्रकाठी आणि एक नवं. नाट्यगृह या दोन्हींत नाही, ते लिगुरिओ गावाजवळच्या अस्क्लेपिओसच्या (हा आरोग्याचा देव) देवस्थानात आहे. बसमध्ये चढताना नुसतं ‘एपिडॉरस’ न म्हणता नाट्यगृहाचं नाव घ्या.

मायसिनीचं सिंहद्वार सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं. फोटोत ते लहान वाटतं. समोर उभं राहिल्यावर त्या चिऱ्यांचा आकार अंगावर येतो. पुढच्या काळातल्या ग्रीकांनाही ही भिंत माणसांनी रचली असेल हे पटेना, म्हणून त्यांनी ती एकाक्ष राक्षसांच्या नावावर टाकली. यात शंका नाही की हे बघावं.

पण मायसिनीला जाताना जे झालं, त्यानेच माझा पुढचा निर्णय ठरला. मी ज्या बसने गेलो ती थेट उत्खननाच्या दाराशी जात नव्हती. मुख्य रस्त्यावरच्या फिख्ती गावात उतरायचं आणि पुढे तीन-चार किलोमीटर आपलं आपण. सकाळी हवा छान होती, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मोहराचा वास. पाऊण तास चालायला मला आवडलंच. अडचण चालण्याची नव्हती, परतीची होती. परतीच्या बस मोजक्या, आणि त्या गाठायच्या तर पुन्हा तेवढंच चालून त्या रस्त्यावर वेळेत पोहोचायचं. त्यामुळे किल्ल्यावर पाऊल ठेवल्यापासून मी हिशोब करत होतो. सिंहद्वारापाशी दहा मिनिटं, वर्तुळाकार दफनभूमीपाशी पंधरा, जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्याकडे जावं की नको.

आणि मग अत्रेउसचा खजिना म्हणतात ती घुमटाकार समाधी. ती किल्ल्यापासून थोडी खाली, रस्त्याच्या कडेला आहे. आत गेलं की साडेतेरा मीटर उंचीचा दगडी घुमट, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आत आत झुकत गेलेला, आणि दारावरची आडवी शिळा शंभर टनांहून जास्त वजनाची. आत अंधार, गारवा, आणि आपलंच पाऊल आपल्याला परत ऐकू येतं. अशा जागी अर्धा तास नुसतं उभं राहावं. मी सहा मिनिटांत बाहेर पडलो. भराभर चालत फिख्तीला आलो, तर बस नुकतीच गेली होती. रस्त्याकडेच्या निवाऱ्यात दीड तास बसून राहिलो आणि त्या दीड तासात मनात एकच गोष्ट घोळत होती: हा वेळ त्या घुमटाखाली घालवता आला असता.

टॅक्सी करता येते, नाही असं नाही. दोघं-तिघं असाल तर तोच सरळ मार्ग आहे. एकट्याला मात्र येण्याजाण्याचं आणि थांबण्याचं भाडं सगळं स्वतःच भरावं लागतं, आणि टॅक्सीवाला बाहेर उभा आहे ही जाणीवही शेवटी घड्याळासारखीच टोचते.

डेल्फीत हा प्रश्नच येत नाही, आणि का येत नाही ते कळलं तेव्हा मी थोडा गप्प झालो. अपोलोच्या देवळाच्या अवशेषांवर पूर्वी कास्त्री नावाचं नांदतं गाव होतं. 1892 मध्ये फ्रेंचांचं मोठं उत्खनन सुरू झालं, त्यासाठी ते गाव उचलून डोंगराच्या पलीकडच्या अंगाला नव्याने वसवलं. धरणाखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात, त्यामुळे हे वाचताना त्या घरांची आठवण आधी येते. आजचं डेल्फी म्हणजे तेच हलवलेलं गाव. म्हणून खोलीतून निघालं की दहा-पंधरा मिनिटांत आधी संग्रहालय आणि मग देवस्थानाचं दार. एकट्याने, पायी, कुणाची वाट न बघता.

अथेन्सहून डेल्फी बसने साधारण तीन तास. दिवसाच्या सहलीच्या गाड्या दहा-साडेदहापासून येऊ लागतात आणि दुपारी उलटतात. तुम्ही मुक्कामाला असाल तर सकाळी दार उघडताच आत असता. मी आठला आत गेलो तेव्हा अथेन्सवासीयांच्या कोषागारापाशी मी आणि एक मांजर, एवढेच होतो. फेद्रियादेस कड्यांवर ऊन येत होतं, दरीत ऑलिव्हची झाडं थेट इतेआच्या खाडीपर्यंत पसरलेली, उतारावर लाल पॉपी आणि पांढरी रानफुलं.

देवळाच्या जोत्याखाली एक भिंत आहे. तिचे दगड चौकोनी नाहीत. वेड्यावाकड्या वळणांचे, पण एकमेकांत असे बसवलेले की फटीत नख शिरणार नाही. जवळ जाऊन तिरप्या उन्हात पाहिलं तर कितीतरी दगडांवर बारीक अक्षरं दिसतात. अशा शेकडो नोंदी तिथे आहेत, बहुतेक गुलामांच्या सुटकेच्या. गुलाम अपोलोला ‘विकला’ असं लिहायचं, म्हणजे तो माणसाच्या मालकीतून सुटला. काहींत अटही असते, की मालक जिवंत असेतो त्याच्याजवळच राहायचं. मी त्या अक्षरांवरून नजर फिरवत पाऊण तास उभा होतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांची (ग्रीकांना तेव्हा हा शब्द होता) दानं कोरलेली आहेत, ती आठवली. दगडावर आपलं नाव राहावं ही इच्छा तिथेही तीच, इथेही तीच. हा पाऊण तास मायसिनीच्या वेळापत्रकात बसलाच नसता.

संग्रहालयात सारथी आहे. इसवीसनपूर्व पाचव्या शतकातला कांस्यपुतळा, माणसाच्या उंचीचा. डोळे जडवलेले, पापण्यांचे केस तांब्याचे. सगळे चेहऱ्याकडे बघतात; तुम्ही पावलांकडेही बघा. लांब झग्याखाली, रथात उभा असताना कुणाला दिसणारही नाहीत अशी ती पावलं कारागिराने बोटांसकट किती जिवंत केली आहेत! आणि तराजू इथे आणखी थोडा झुकतो. मायसिनीत जर्मन उत्खननकार श्लीमानला 1876 मध्ये सापडलेलं सोनं, तो प्रसिद्ध मुखवटा धरून, अथेन्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणजे मायसिनीला गेला नाहीत तरी तिचा मोठा ठेवा तुम्ही अथेन्समध्ये बघणारच आहात. सारथी मात्र बघायचा तर डेल्फीलाच जावं लागतं.

डेल्फीच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. चढ सतत आहे, गुडघे कुरकुरत असतील तर विचार करा. दरडींच्या भीतीने काही भागांना कुंपण असतं. मी गेलो तेव्हा कस्तालिया झऱ्यापर्यंत जाता आलं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला रात्री चांगलीच थंडी पडते. आणि संध्याकाळी गावात करण्यासारखं फार काही नाही, नाफ्प्लिओच्या धक्क्याची मजा इथे नाही. मला ती शांतता आवडली, सगळ्यांना आवडेलच असं नाही.

जेवणाचं म्हणाल तर वसंत शाकाहाऱ्यांना सोयीचा. ईस्टरआधीच्या उपवासाच्या आठवड्यांत खानावळींत ‘निस्तीसिमा’ पदार्थ मिळतात, म्हणजे मांस, दूध, अंडी नसलेले: टोमॅटोत शिजवलेले घेवड्याचे मोठे पांढरे दाणे, द्राक्षाच्या पानातला भात, उकडलेल्या रानभाज्या. पण त्यांच्या उपवासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतात, तेव्हा विचारून घ्या.

तारखा ठरवताना ग्रीक ईस्टर बघा. तो बरेचदा आपल्या कॅलेंडरवरच्या ईस्टरशी जुळत नाही. 2027 मध्ये तो 2 मे रोजी आहे. त्या रविवारी आणि 25 मार्च, 1 मे या दिवशी उत्खननस्थळं बंद असतात, गुड फ्रायडेला दुपारनंतरच उघडतात, आणि बसही कमी धावतात. मार्चमध्ये बऱ्याच ठिकाणी हिवाळी वेळा असल्याने दारं दुपारीच लागतात, म्हणून मी एप्रिलच सुचवीन.

तुम्ही दोघं असाल, किंवा आंतरराष्ट्रीय परवाना काढून गाडी घेणार असाल, तर नाफ्प्लिओला जा, मी अडवणार नाही. एकटे आणि बसने असाल तर मी डेल्फीचा मुक्काम धरीन. दोन्हीचा मोह सुटत नसेल तर अथेन्सहून मायसिनी आणि एपिडॉरसची एका दिवसाची बससहल करा, ती दारापर्यंत नेते. डेल्फीला मात्र तसं एका दिवसात जाऊ नका, कारण तिथली सकाळ हातची जाते. दुपारी पोहोचा, गाड्या गेल्यावर संग्रहालय बघा, दुसऱ्या दिवशी आठला देवस्थान, मग रस्त्याखालच्या अथेनाच्या देवस्थानातली वर्तुळाकार वास्तू, आणि दुपारची बस. परतीचा दिवस रविवार असेल तर तिकीट पोहोचल्याबरोबरच काढून ठेवा.