प्लायमाउथ की इम्पाला? गोव्यात दोन्ही चालवून झालेलं मत

आमच्या डिचोलीच्या घरी दोन जुन्या अमेरिकन गाड्या आहेत, १९५१ ची प्लायमाउथ क्रॅनब्रूक आजोबांची, आणि १९५९ ची शेवरोले इम्पाला मी अकरा वर्षांपूर्वी घेतलेली. येणारा-जाणारा इम्पालाजवळच थांबतो, फोटोही तिचेच काढतो, आणि मग विचारतो अशी एखादी घ्यायचीय, कुठली घेऊ? गोव्यात राहून गाडी खरंच चालवायची असेल तर डोळे मिटून प्लायमाउथ घ्या.

इम्पाला दिसायला काय आहे ते मी वेगळं सांगायला नको, मागचे ते आडवे पसरलेले पंख आणि खाली मांजराच्या डोळ्यासारखे लाल दिवे, इतकी वर्षं झाली तरी शेड उघडली की मी अजून मिनिटभर बघत उभा राहतो. पण गंमत बघा, दोघींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जवळपास सारखाच, प्लायमाउथचा ११८.५ इंच आणि इम्पालाचा ११९, म्हणजे अर्ध्या इंचाचा फरक, तरी इम्पाला लांबीला २११ इंचाच्या आसपास जाते आणि रुंदी जवळजवळ ८० इंच. एवढी गाडी आमच्या वाड्यातल्या चिऱ्याच्या दोन कुंपणांमधून काढायची म्हणजे एकाला खाली उतरून पुढे चालावंच लागतं. त्यात माझ्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, समोर ट्रक असला तर ओव्हरटेक करायचा की नाही हे बाजूला बसलेल्यानं सांगायचं.

प्लायमाउथ उंच आहे, खुर्चीत बसल्यासारखं ताठ बसायचं. प्लायमाउथ बनवणाऱ्या क्रायसलर कंपनीचे त्यावेळचे प्रमुख के. टी. केलर यांचा आग्रहच असायचा की डोक्यावर हॅट ठेवून माणसाला आत बसता आलं पाहिजे. आमचे आजोबा टोपी घालूनच चालवायचे, ती कधी छताला टेकली नाही, आणि आज माझी आई गुडघे दुखत असूनही या गाडीत एकटी चढते-उतरते, इम्पालात मात्र तिला हात द्यावा लागतो.

इंजिनात इम्पाला सरळ पुढे. २८३ क्युबिक इंचाचं आठ सिलिंडरचं व्ही-एट, १८५ हॉर्सपॉवर, दोनच गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक, हायवेला लागलं की आवाजच नाही. प्लायमाउथचं जुन्या पद्धतीचं सहा सिलिंडरचं इंजिन, फ्लॅटहेड सिक्स, ९७ हॉर्सपॉवरचं, घाई केली तर ऐकत नाही. पण चोर्ला घाट उतरताना मला प्लायमाउथच बरी वाटते, तीन गिअर आहेत, सेकंडला टाकली की इंजिनच गाडी धरून ठेवतं. इम्पालाला चारी ड्रम ब्रेक आणि वजन जास्त, लो गिअरमध्ये टाकूनही खाली येईपर्यंत ब्रेक तापून पेडल नरम होतं, एकदा असं झालं तेव्हा मुलं मागे होती, त्यानंतर मी ती घाटात नेलेली नाही.

आता प्लायमाउथ घेणाऱ्यांसाठी महत्त्वाचं. ब्लॉकच्या आत पाणी मागच्या सिलिंडरपर्यंत नेणारी एक लांब पत्र्याची नळी असते, ती गंजली की पुढची सिलिंडरं थंड आणि मागची तापलेली, काटा मात्र ठीकच दाखवतो. आम्ही दोन वर्षं रेडिएटर धूत बसलो, शेवटी एका म्हाताऱ्या मेस्तानं (मेकॅनिकनं) पाण्याचा पंप उतरवून ती नळी ओढून काढली, अर्धी हातात तुकडे होऊन आली. घेण्याआधी ती बघाच. दुसरं म्हणजे डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे, पंक्चरवाल्याला आधी सांगा, माझा एक बोल्ट जोर लावून तुटलाय. आणि बॅटरी ६ व्होल्टची, प्लस वायर बॉडीला. एका गॅरेजमध्ये नेहमीसारखी मायनस बॉडीला जोडून दिली, तेव्हापासून बॅटरीचं काम मी स्वतःच करतो.

पावसाचं बोलायचं तर इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारी हवा, इम्पालाच्या मागच्या काचेचं रबर जरा सैल झालं की पाणी थेट डिकीत जाऊन बसतं आणि पत्रा आतून खातं. मी दोनदा डिकीचा तळ बदललाय. प्लायमाउथचा पत्रा जाड वाटतो, गंज तिलाही लागतो, पण दिसतो तरी. ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे दोन्ही गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम बदलावा लागला, तो खर्च धरूनच चाला. प्लायमाउथ मला लिटरला ७ देते, इम्पाला जेमतेम साडेचार.

कागदांचं एक लक्षात ठेवा, २०२१ च्या नियमाप्रमाणे विंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर घेतला तर गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. म्हणून प्लायमाउथचा जुना नंबर आम्ही जपून ठेवलाय.

इम्पाला विकणार का असं विचारतात, नाही विकणार. सध्या ती शेडमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर आहे, नवीन रबर यायचंय. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणायला बाजारात प्लायमाउथच जाणार, सुपारीचे घोस, नारळांचे घड सगळं मागच्या सीटवर मावतं आणि आई पुढे बसते.