जुन्या लाकडी फोकबोटीला स्लॅब रीफिंग बसवून घेतलं, त्या कामाचा रिव्ह्यू

आमची फोकबोट आहे, तिघांनी मिळून ठेवलीये, इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनजवळ असते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९४२ चं स्वीडिश डिझाइन, तोर्द सुंदेननी ड्रॉइंग केलेलं, फळीवर फळी चढवून बांधलेली शिडाची बोट, लांबी पावणेआठ मीटरच्या जरा आत आणि खाली जवळजवळ टनभर लोखंडाची कील (बोट उलटू नये म्हणून तळाला लावलेलं वजन). वाऱ्याला इतकी खंबीर की बरेच लोक शीड लहान करायच्या भानगडीतच पडत नाहीत. पण नीडल्सकडे (आयल ऑफ वाइटच्या पश्चिम टोकाचे खडक) नैऋत्येचा वारा आणि बाहेर जाणारं ओहोटीचं पाणी समोरासमोर आलं की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात, तिथे मेनसेल (मुख्य शीड) लहान करता आलंच पाहिजे, म्हणजे रीफ घेता आलाच पाहिजे, आणि तेही पटकन. शिडाचा खालचा पट्टा खाली ओढून बूमवर (शिडाखालचा आडवा वासा) बांधायचा, ते स्लॅब रीफिंग.

आधी जुनं रोलर रीफिंग होतं. हँडल फिरवायचं, बूम स्वतःभोवती फिरतो आणि शीड त्याच्यावर गुंडाळलं जातं. ऐकायला मस्त वाटतं, पण डोलकाठीकडच्या कडेला शिवलेला दोर एकावर एक चढत जातो, तिकडे जाड गठ्ठा होतो, मागच्या टोकाला मात्र कापड कमी गुंडाळलं जातं आणि मग बूमचं मागचं टोक खाली झुकतं, पार कॉकपिटमधल्या (मागच्या बसायच्या खोलगट जागेतल्या) माणसाच्या डोक्यापर्यंत. वर शिडाला पोट सुटतं. म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड सपाट हवं असतं नेमकं तेव्हाच ते फुगतं. शिवाय गुंडाळलेल्या बूमला किकर (बूम वर उचलू न देणारा दोर) लावता येत नाही ते वेगळंच.

पहिलं कोटेशन एका मोठ्या दुकानाचं घेतलं (नाव नको). बोट न बघता फोनवरच सांगितलं की अल्युमिनियमचा नवीन बूम घ्या, लाकडात काही टिकत नाही. मला राग आला खरं सांगायचं तर. स्प्रूसचा भरीव बूम आहे, व्हार्निश दरवर्षी होतं, कुठे मऊ पडलेला नाही, तो काढून टाकायचा?

मग लिमिंग्टनच्या बाजूचे एक रिगर (डोलकाठी, दोर यांची जोडणी करणारे कारागीर) मिळाले, वयस्कर गृहस्थ, एकटेच काम करतात. त्यांनी काय केलं तर वारा पडलेला असताना सकाळी धक्क्यालाच शीड चढवलं, रीफच्या उंचीपर्यंत खाली घेतलं, शिडाच्या मागच्या कडेतली कडी हाताने ओढून धरली आणि बूमवर पेन्सिलने खूण केली. सगळी मेख या खुणेत आहे. बूमच्या बाजूला जी कप्पी बसते ती त्या कडीच्या बरोब्बर खाली बसवली तर तिच्यातून जाणारा रीफचा दोर शीड फक्त खाली ओढतो आणि खालची कड सैल राहते, आणि फार मागे बसवली तर नुसतं मागे ताणतो, कडी बूमवर बसतच नाही. ती थोडीशी मागे हवी, म्हणजे एकाच ओढीत खाली आणि मागे दोन्ही. कापड वर्षांनुवर्षं ताणलं जातं म्हणून त्यांनी कप्पी वीतभर लांबीच्या ब्रॉन्झ पट्टीवर बसवली, पुढेमागे सरकवता येते. स्क्रूची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरली, ती सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडून स्क्रू, पाणी लाकडात शिरायला वावच नाही. दोराचं दुसरं टोक बूमभोवती बोलाईन गाठ मारून बांधलंय, शिडाच्या खालच्या कडेला एक छोटं भोक करून त्यातून ओवलंय, म्हणजे तिथे स्क्रूच नाही. एवढा विचार करणारा माणूस मिळणं मुश्किल आहे.

दुसरी गोष्ट पुढच्या टोकाची. आमचं शीड डोलकाठीवरच्या पट्टीत स्लाइडवर (छोट्या सरकत्या तुकड्यांवर) सरकतं, रीफ घेताना खालच्या स्लाइड एकावर एक साचतात आणि शिडातली कडी बूमच्या हुकापर्यंत पोचतच नाही. सेलमेकरने (शिडं शिवणाऱ्याने) कडीतून एक मजबूत पट्टा ओवून त्याच्या दोन्ही टोकांना सैल स्टीलच्या रिंगा शिवून दिल्या, त्या लोंबकळत राहतात, कुठलीही एक हुकात अडकवली की झालं. थंडीत हात गारठलेले असताना हा फरक फार मोठा आहे!

आता क्रम असा, शीट (बूम आत-बाहेर करायचा दोर) आणि किकर सैल, टॉपिंग लिफ्ट (बूम वरून पेलून धरणारा दोर) ताणायची, हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) खुणेपर्यंत सोडायचा (रिगरनी त्याच्यावर लाल दोऱ्याची खूण बांधून दिलीये), रिंग हुकात, हॅलियार्ड परत कडक, मग रीफचा दोर जीव खाऊन ओढायचा, टॉपिंग लिफ्ट सोडायची आणि शीट ओढून चालू पडायचं. मधल्या बारीक दोऱ्या शेवटी आणि सैलच बांधायच्या, त्या फक्त लोंबणारं कापड आवरायला असतात, त्यांच्यावर जोर आला तर शीड तिथेच फाटतं. रीफ घेतलेलं शीड आता खरंच सपाट बसतं, बोट कमी कलंडते आणि सुकाणूवरचा ओढा लगेच उतरतो.

नाही आवडलं ते पण सांगते. रीफचा दोर डोलकाठीपाशीच क्लीटला (दोर अडकवायची खुंटी) बांधलाय, कॉकपिटपर्यंत आणला नाही, त्यामुळे एकाला पुढे जावंच लागतं. त्यांचं म्हणणं, प्रत्येक वळणाला घर्षण वाढतं आणि हुक लावायला तसंही कोणीतरी पुढे जाणारच. पटतं मला, पण एकटं सेलिंग करणाऱ्यांनी आधीच बोलून घ्या. दोर ८ मिलीमीटरचा डबल ब्रेड (दुहेरी विणीचा) दिलाय, ओल्या हाताला चांगली पकड येते, फक्त आमच्या जुन्या क्लीटमध्ये घट्ट बसतो, ६ चा चालला असता असं मला वाटतं. आणि दुसरा रीफ बसवला नाहीये, शिडात त्याच्या कड्या आहेत, दोर नंतर टाकू.

रिगर आणि सेलमेकर मिळून पाचशे पौंडांच्या आत झालं, नवीन बूमच्या कोटेशनपुढे काहीच नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो वेळेसाठी, वसंतात सगळ्यांच्याच बोटी पाण्यात उतरतात त्यामुळे आमचं काम बरंच लांबलं, तेव्हा तुम्ही डिसेंबर-जानेवारीतच फोन करा आणि शीड घडी घालून आधीच सेलमेकरकडे टाकून या.