“आय७, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स”: असं कोटेशन आलं तर आधी हे वाचा

कमी पैशांत गेमिंग कॉम्प्युटर जुळवून घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने सावध व्हावं, म्हणून हे तपशीलवार लिहिते आहे. फसवणूक माझ्या धाकट्या भावाची झाली. शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले होते, आणि ते कसे साठवले हे विकणाऱ्याला माहीत होतं. म्हणूनच माझा राग अजून उतरलेला नाही.

विक्रेता सुटे भाग आणून मशीन जोडून देणारा. त्याने मेसेजवर कोटेशन पाठवलं: “इंटेल आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १०५० टीआय ४ जीबी ग्राफिक्स, ५१२ जीबी एसएसडी, ५०० वॉट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट. सगळं नवीन.” (एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा.) वाचायला भरभक्कम ओळ. पण नीट पाहा, यात एकाही भागाचं पूर्ण नाव नाही. आय७ कुठल्या पिढीचा? रॅम डीडीआर किती, म्हणजे कुठल्या पिढीची? कार्ड कोणत्या कंपनीचं? सगळे भाग ज्यावर बसतात त्या मदरबोर्डचा तर उल्लेखच नाही. कमी बजेटच्या व्यवहारात सगळी लबाडी याच अर्धवट नावांमध्ये लपते, हे आता मला पक्कं कळलं आहे. भावाने विचारलं तेव्हा त्या माणसाने मशीन सुरू करून विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे भागांची यादी, उघडला आणि “हे बघा दादा, जीटीएक्स १०५० टीआय” असं स्क्रीनवर दाखवलं. एक जुना गेम चालवूनही दाखवला. कोणाचाही विश्वास बसेल.

पहिली अडचण व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमने दाखवली. गेम सुरूच होईना. व्हॅन ९००१ हा एरर यायचा, म्हणजे टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी) हवं. मशीनवर विंडोज ११ होतं, आणि विंडोज ११ वर या गेमला दोन्ही लागतात. बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) शोधलं तर टीपीएमची सोयच नव्हती. विक्रेता म्हणाला, “विंडोज १० टाकून घ्या.” मग नवे गेम मधेच बंद पडू लागले, काही तर उघडतही नव्हते. भावाने १०५० टीआय ज्यांचं, त्या एनव्हिडियाच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) घेऊन टाकला आणि रीस्टार्टनंतर स्क्रीन काळी झाली. त्यावर विक्रेत्याचं उत्तर आलं, “ड्रायव्हर अपडेट करायचाच नाही दादा. आम्ही टाकून दिलाय तोच ठेवायचा.”

हे वाक्य कोणी तुम्हाला ऐकवलं, तर तिथेच थांबा. अस्सल ग्राफिक्स कार्डावर कंपनीचाच ड्रायव्हर टाकू नका, असं सांगण्याचं काही कारणच नसतं. नव्या ड्रायव्हरमध्ये एखादा दोष निघू शकतो, मग मागचा टाकावा लागतो, ते वेगळं. पण “कधीच टाकू नका” याचा अर्थ कार्ड आणि त्याचं नाव जुळत नाही.

ताईने बघावं म्हणून मशीन माझ्याकडे आलं. जीपीयू-झेड नावाचं फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते चालवलं. कार्डाच्या नावाआधीच चौकटी कंसात “फेक” असा शब्द होता. बनावट एनव्हिडिया कार्डं ओळखण्याची ही सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये २०१८ पासून आहे, म्हणजे हा धंदा तेव्हाही इतका पसरलेला होता की त्यासाठी सोय करावी लागली. चिपचं नाव जीएफ११६ आणि शेडर (चिपमधले चित्र काढणारे छोटे भाग) १९२. अस्सल १०५० टीआयची चिप जीपी१०७ असते आणि शेडर ७६८. जीएफ११६ ही २०११ मध्ये आलेल्या जीटीएक्स ५५० टीआयमधली चिप, एनव्हिडियाच्या फर्मी नावाच्या जुन्या पिढीची. अशा जुन्या कार्डाच्या बायॉसमध्ये खोटं नाव आणि खोटा मेमरीचा आकडा भरतात, वर नवा पंखा आणि प्लास्टिकचं आवरण बसवतात, आणि कोऱ्या खोक्यात घालून विकतात. डिव्हाइस मॅनेजर कार्डाने स्वतःबद्दल जे सांगितलं तेच दाखवतो. तो तपासणी करत नाही, म्हणून तो पुरावा धरू नका. आमच्या कार्डावरच्या मेमरी चिपांचे क्रमांक शोधून बेरीज केली, ती १ जीबी भरली. वर मिरवत होते ४.

आता सगळ्या तक्रारींचा उलगडा होत गेला. फर्मी कार्डांसाठी गेमचे नवे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०१८ मध्येच थांबवलं. त्या पिढीला व्हल्कनचा (गेम ज्यातून कार्डाशी बोलतात त्या एका नव्या पद्धतीचा) आधार कधी मिळालाच नाही, म्हणून व्हल्कनवर चालणारे गेम उघडतच नव्हते. आणि खरी मेमरी १ जीबी असताना गेम ४ जीबी आहे असं समजून भरत जातो, मग कोसळतो.

कार्ड बाहेरून ओळखायची एक खूण सांगते. १०५० टीआय ज्या पिढीतलं, त्या पास्कल चिपांमधून ॲनालॉग सिग्नल निघतच नाही. त्यामुळे १०५० टीआय म्हणून दाखवलेल्या कार्डाला मागे निळा व्हीजीए पोर्ट दिसला, तर ते हातात धरूनही पाहू नका. आमच्या कार्डाला तो होता. सहा पिनची वेगळी वायर लागते का, यावरून मात्र निकाल देऊ नका. १०५० टीआय ७५ वॉटचं कार्ड आहे आणि बहुतेक मॉडेलना वायर लागत नाही, पण काही अस्सल मॉडेलनाही ती असते.

कार्ड खोटं निघाल्यावर बाकीचं उघडायला वेळ लागला नाही. कॅबिनेटवर “सील तोडल्यास वॉरंटी रद्द” असा स्टिकर होता, तो काढला.

प्रोसेसर खरोखर आय७ होता. आय७-२६००. हा २०११ चा, चार कोअर आणि आठ थ्रेडचा. त्या काळी उत्तम होता, त्याबद्दल वादच नाही. पण २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१०० मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत, आणि गेममध्ये तो आय३ या जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो. नुसतं “आय७” सांगणं म्हणजे गाडीची कंपनी सांगून ती कोणत्या सालची ते लपवणं. या मालिकेत डॅशनंतरचा आकडा पिढी सांगतो: २६०० म्हणजे दुसरी, १२१०० म्हणजे बारावी. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. आमच्या मशीनवर ते आडमार्गाने चढवलं होतं. विक्रेत्याने सुचवलेल्या विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला आहे.

मदरबोर्ड मात्र नवा होता, आणि हाच भाग मला सगळ्यांत धोकादायक वाटतो. त्यावर एच६१ चिपसेट (बोर्डची मुख्य चिप), म्हणजे तोही त्याच काळातला, पण बिनब्रँडचे असे बोर्ड अजूनही नवे कोरे बनवून विकले जातात. बोर्ड चकचकीत दिसतो, सोबत नवं खोकं असतं, त्यामुळे “सगळं नवीन” हे खरं वाटतं. रॅम डीडीआर३. म्हणजे १६ जीबी असली तरी पुढच्या कुठल्याही मशीनमध्ये ती कामाची नाही. पुढे नुसता प्रोसेसर बदलू, हा विचारही संपला, कारण बोर्डवर प्रोसेसर जिथे बसतो त्या सॉकेटमध्ये इंटेलच्या तिसऱ्या पिढीपुढचं काही बसतच नाही. एसएसडी क्रिस्टलडिस्कइन्फो या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिली तर ती आधी किती तास चालली आहे त्याचा आकडा पाच अंकी होता.

एसएमपीएसबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण खोट्या कार्डाने गेम बंद पडतो, पण खोट्या एसएमपीएसने सगळं मशीन जळू शकतं. बाहेर मोठ्या अक्षरांत “५०० वॉट” लिहिलं होतं. बाजूच्या लेबलवर बारीक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली जे ॲम्पियर लिहिलेले असतात, त्यांना १२ ने गुणा. आमच्याकडे १८ ॲम्पियर होते, म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टमधून ओढतात, त्यामुळे खरी ताकद तीच. चांगल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर तिथे ३६ ॲम्पियरच्या आसपास आकडा दिसतो. ८० प्लसचं चिन्हही आमच्या एसएमपीएसवर नव्हतं. ते चिन्ह कार्यक्षमतेचं, म्हणजे वीज कमी वाया जाण्याचं आहे, त्यावरून सगळी गुणवत्ता कळत नाही. पण तेही नाही आणि १२ व्होल्टचा आकडाही लहान, असं असेल तर त्या डब्याला कार्ड जोडू नका.

खर्च खरा कुठे झाला होता, तर कॅबिनेटवर. काचेची बाजू, पुढे रंगीत पंखे.

विक्रेत्याला सगळे स्क्रीनशॉट पाठवले. आधी तो म्हणाला, “मॅडम, गेम चालतोय ना?” नंतर म्हणाला, सील तोडलं म्हणजे वॉरंटी गेली. मग नंबर लागेनासा झाला. बिलावर “गेमिंग कॉम्प्युटर, नग १” एवढंच होतं. भागांची नावं नाहीत, सिरियल नंबर नाहीत. कोटेशनमधला अर्धवटपणा बिलातही मुद्दाम ठेवला होता, म्हणजे हातात धरायला काहीच राहू नये. म्हणून तुमच्या बिलावर प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, पूर्ण मॉडेल नावासकट आणि सिरियल नंबरसकट लिहून घ्या. याला जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका, मग तो कितीही स्वस्त देवो. बोलणं फोनवर झालं असेल तरी शेवटी “कार्ड अस्सल आहे आणि नवं आहे” एवढं मेसेजवर लिहून मागा. पार्सल येणार असेल तर खोकं उघडताना सलग व्हिडिओ घ्या.

बनावट मालाइतकाच त्रास खऱ्या मालाच्या अर्धवट नावाने होतो, आणि तिथे विकणाऱ्याला खोटं बोलावंही लागत नाही. एएमडीचं “आरएक्स ५८०” कार्ड म्हणून पुष्कळदा ५८० २०४८एसपी हे मॉडेल हातात देतात. मूळ ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर (एएमडी शेडरना हेच म्हणते), यात २०४८, म्हणजे आरएक्स ५७० इतकेच. “जीटी १०३०” दोन प्रकारचं आहे: जीडीडीआर५ मेमरीचं आणि डीडीआर४ चं. पहिल्याची मेमरी बँडविड्थ (डेटा वाहण्याचा वेग) सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याची १६.८, आणि गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. “आरटीएक्स ३०५०” मध्ये ८ जीबीच्या कार्डाला २५६० कोअर (म्हणजे शेडर) आणि १२८ बिट बस (मेमरीकडे जाणाऱ्या रस्त्याची रुंदी), तर ६ जीबीच्या कार्डाला २३०४ कोअर आणि ९६ बिट. ६ जीबीवालं कमी वीज खातं, त्यामुळे माहीत असून विकत घेतलं तर वाईट नाही. पण ८ जीबीवाल्याची कामगिरी दाखवून ते विकलं, तर ती फसवणूकच. शेडरची संख्या, बस आणि मेमरीचा प्रकार जीपीयू-झेडच्या पहिल्याच पानावर असतो. पैसे देण्याआधी समोर चालवायला लावा, आणि सॉफ्टवेअर आपल्या पेनड्राइव्हवरून न्या. विक्रेत्याच्या मशीनवर आधीपासून असलेलं उघडू नका. त्यानंतर कार्डावर पूर्ण भार टाकणारं फरमार्क हे सॉफ्टवेअर किंवा एखादा जड गेम बराच वेळ चालू ठेवा. लपवलेली मेमरी आणि दुबळा एसएमपीएस, दोन्ही भाराखाली उघडे पडतात.

काही भाग अस्सल असूनही एकमेकांना जुळत नाहीत, हेही कमी बजेटमध्ये नडतं. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या) फक्त चार लेन, म्हणजे मार्गिका, वापरतं. पीसीआयई ४.० च्या बोर्डवर ते ठीक चालतं, ३.० च्या बोर्डवर बसवलं की काही गेममध्ये चांगलंच मंदावतं. इंटेल प्रोसेसरच्या नावाअखेर एफ असेल, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, तर त्यात आतलं (प्रोसेसरमध्येच असलेलं) ग्राफिक्स नसतं, मग कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येत नाही.

आज कोणी मला विचारलं तर अस्सल १०५० टीआयही घेऊ नका असंच सांगेन. त्या पिढीसाठी गेमचे ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले आहेत. पैसे कमी असतील तर कार्डासाठी आणखी काही महिने थांबणं परवडतं, पण प्लॅटफॉर्म, म्हणजे प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम, जुना घेणं परवडत नाही.

आमच्या ओळखीत एकाने सुचवलं, हे मशीन असंच कोणाला तरी विकून टाका, निम्मे पैसे निघतील. भावाने नकार दिला, आणि मला त्याचा अभिमान वाटतो. कार्डावर मार्करने “खोटं, १ जीबी” लिहून ते बाजूला ठेवलं, एसएमपीएस टाकून दिला. कॅबिनेट वापरात राहिलं.

नवी जुळणी त्याने एकेक भाग पूर्ण नावाने लिहून केली: आतलं ग्राफिक्स असलेला एएमडीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ८० प्लस ब्राँझचा ५५० वॉटचा एसएमपीएस. रॅम दोनच घ्यायच्या, एक १६ जीबीची नाही, कारण आतलं ग्राफिक्स तीच रॅम वापरतं आणि एकच काडी लावली तर त्याचा वेग बराच घटतो. या प्रोसेसरची एक मर्यादा माहीत असू द्या: बोर्ड बी५५० असला तरी ५६००जी सोबत कार्डाला पीसीआयई ३.० च मिळतं, म्हणून पुढे ६५०० एक्सटीसारखं चार लेनचं कार्ड घ्यायचं नाही, असं आम्ही आत्ताच ठरवून ठेवलं आहे. ग्राफिक्स कार्ड अजून घेतलेलं नाही. तोवर व्हॅलोरंट आतल्या ग्राफिक्सवर व्यवस्थित चालतो आहे, विंडोज ११ वर, टीपीएम आणि सिक्युअर बूटसकट.